नाव, गाव, साल

(रिसोड येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



स्मृती व्याख्यानमालेत आपण फोटोला हार घालतो, गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलतो आणि मग देशापुढच्या एखाद्या मोठ्या प्रश्नाकडे वळतो. मी आज दुसरीकडे कुठेही वळणार नाही. स्मरण कसं करावं, हाच माझा विषय आहे. तेही ज्यांनी आपली करमणूक केली त्यांचं. नट, नटी, सोंगाड्या, नाचणारी, ढोलकीवाला, शाहीर, पडदा रंगवणारा. ही माणसं समोर उभी होती तेव्हा आपण वन्समोअर दिले, शिट्ट्या मारल्या, टोप्या उडवल्या. ती गेल्यावर आपण त्यांचं काय करतो, हे मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कलावंत गेला की आपण हळहळतो पुष्कळ आणि लिहून ठेवतो फार थोडं. हळहळ तेराव्यापर्यंत टिकते. पुढच्या पिढीला जर काही मिळणार असेल तर ते नाव, गाव, साल आणि त्या माणसाने नेमकं काय केलं याची माहिती, एवढंच मिळतं. ती कुणीतरी बसून लिहावी लागते.

आजकाल श्रद्धांजली किती लवकर वाहिली जाते ते पाहा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नट विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. २३ तारखेच्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी देशभर फिरली. नामवंतांनी शोकसंदेश दिले, आपणही मोबाइलवर हात जोडलेली चित्रं पुढे पाठवली. घरच्यांना जाहीर करावं लागलं की ते हयात आहेत, उपचार सुरू आहेत. २६ नोव्हेंबरला ते खरोखर गेले आणि तीच चित्रं पुन्हा फिरली. त्या कुटुंबाला त्या दिवसांत काय वाटलं असेल! आणि इतक्या सगळ्या संदेशांत माहिती किती होती? विक्रम गोखले यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमलाबाई मोहिनी. त्याच वर्षी आधी आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती उभी करायला फाळक्यांना बाई मिळाली नव्हती, ते काम अण्णा साळुंके यांनी केलं होतं. म्हणजे भारतीय पडद्यावर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या स्त्रिया या घरातल्या. मग वडील चंद्रकांत गोखले, मग विक्रम. एका घराने शंभराहून जास्त वर्षं प्रेक्षकांची सेवा केली, आणि आपण एक हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळे झालो.

कमलाबाईंच्या बाबतीत एक गोष्ट मात्र चांगली घडली. त्या अगदी म्हाताऱ्या झाल्या असताना रीना मोहन या दिग्दर्शिकेने त्यांच्यावर माहितीपट केला. पहिल्या पिढीची नटी स्वतःच्या तोंडाने बोलताना त्यामुळे आज आपल्याला दिसते. कुणीतरी वेळेवर त्यांच्या घरी गेलं म्हणून हे झालं.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येतो. भगवानदादांचं नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. पण भगवान आबाजी पालव हे अमरावतीत जन्मले, १ ऑगस्ट १९१३ रोजी, हे सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही; मला स्वतःला हे बऱ्याच उशिरा कळलं आणि कळल्यावर वाईट वाटलं. वडील गिरणी कामगार. पोराला कुस्तीचा नाद आणि सिनेमाचा त्याहून मोठा. मूकपटांच्या शेवटच्या काळात त्यांनी कामाला सुरुवात केली. पुढे कमी पैशात मारधाडीचे चित्रपट काढले. गिरणगावातला कामगार वर्ग त्यांचा प्रेक्षक. १९४१ साली त्यांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला. चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. १९५१ साली ‘अलबेला’ आला. गीता बाली नायिका, आणि संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, जे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले होते. भगवानदादांसाठी ते चितळकर या नावाने स्वतः गायलेही. अमरावतीत जन्मलेला गिरणी कामगाराचा मुलगा आणि नागपुरात शिकलेला गवई. ‘अलबेला’चे दोन खांब आपल्या बाजूचे आहेत, राजेहो!

त्यांचा नाच जरा नीट आठवून पाहा. अंगाने जाड, उंचीने बेताचे. नाचणाऱ्याकडून आपण जी चपळाई मागतो तिची ते तिथे गरजच ठेवत नाहीत. पाय जवळपास जागच्या जागी. कोपर अंगाशी, हात छातीच्या पातळीला, तळवे सैल. कंबर तालावर सावकाश डावी-उजवी. चेहऱ्यावर स्वतःच्या नाचाने स्वतःच खूष झालेल्या माणसाचं हसू. बस, एवढंच. हे करायला सोपं आहे म्हणून गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाचता येत नाही तोही तसंच नाचतो, आणि आपण कुणाचं उचललं हे त्याला ठाऊक नसतं. अमिताभ बच्चन यांच्या नाचातली ढब कुठून आली याची चर्चा तरी होते. आपल्या मिरवणुकीतली कुठून आली याची होत नाही.

भगवानदादांची गोष्ट सांगताना सगळे जण एकाच ठिकाणी थांबतात. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, दाराशी सात गाड्या, मग एकामागून एक चित्रपट पडले, सगळं विकलं गेलं आणि अखेर दादरच्या चाळीत ४ फेब्रुवारी २००२ ला मृत्यू. हे खोटं नाही. पण कलावंताच्या आयुष्यात आपल्याला फक्त चढ आणि उतार का दिसतो, हा माझा प्रश्न आहे. उतार सांगताना आपला आवाज मुद्दाम हळवा होतो आणि ऐकणारा मनात म्हणतो, बघा, पैसा सांभाळला नाही. पन्नासच्या दशकात स्टुडिओ चालवण्याचा खर्च काय होता, वितरकाचा वाटा किती, चित्रपटासाठी स्वतःचं घर गहाण का टाकावं लागायचं, हे कुणी सांगत नाही. दया दाखवली की काम समजून घेण्याचे कष्ट वाचतात. मला भगवानदादांच्या चाळीइतकीच त्यांनी तमिळ चित्रपट कसा केला याची माहिती हवी आहे.

याच भगवानदादांच्या हातून एक अपघातही झाला. १९४२ च्या सुमाराला एका दृश्यात त्यांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. ती फार जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर परिणाम झाला, डोळा कायमचा अधू झाला, काही वर्षं उपचारांत गेली. नायिका म्हणून असलेलं आयुष्य तिथे संपलं, आणि येवल्यात जन्मलेल्या या बाईने त्या बारीक झालेल्या डोळ्यासकट खाष्ट सासू अशी उभी केली की गावोगावच्या सुना थरथरल्या. १९९८ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या तेव्हा घरात एकट्या होत्या. मृत्यू झाल्याचं बाहेर लगेच कळलंही नाही. मारणारा मोठा कलावंत, सोसणारी त्याहून मोठी. दोन्ही आठवणी एकत्र ठेवाव्या लागतात. एकाची आरती करायची म्हणून दुसरीचा डोळा विसरता येत नाही.

भगवानदादा अमरावतीत जन्मले आणि मुंबईत गेले. नट डॉ. काशिनाथ घाणेकर यांचं उलटं झालं. जन्म चिपळूणचा, सारं वैभव मुंबई-पुण्याचं, आणि मृत्यू अमरावतीत, २ मार्च १९८६ रोजी, नाटकाच्या दौऱ्यावर असताना. शिक्षणाने ते दातांचे डॉक्टर होते. १९६२ साली वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ धी गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलं. त्यात मास्टर दत्ताराम शिवाजी आणि घाणेकर संभाजी. पुढे नाट्यसंपदा या संस्थेच्या ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये त्यांनी लाल्या हा बिघडलेला विद्यार्थी केला, समोर प्रभाकर पणशीकर सत्त्वशील प्राध्यापक विद्यानंद. कानेटकरांनी नाटक प्राध्यापकाचं लिहिलं होतं, पण लोक तिकीट काढायचे लाल्यासाठी. मराठी नाटकात नटाच्या प्रवेशाला सिनेमातल्यासारख्या शिट्ट्या पडायला लागल्या त्या घाणेकरांपासून. तिकीटबारीवर नाटककाराच्या आधी नटाचं नाव विचारलं जाऊ लागलं.

दौरा म्हणजे काय, हे आपल्यासारख्या गावातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. रिसोडला रेल्वे नाही. इकडे जे काही आलं ते ट्रकवर, एसटीने किंवा कंपनीच्या बसने आलं. रात्रीचा प्रयोग संपायचा, नेपथ्य उतरवून बसच्या टपावर चढायचं, नट मंडळी मेकअप पुसून खिडकीला डोकं टेकवायची, सकाळी पुढचं गाव. पैसे प्रयोगागणिक, त्याला नाटकवाले नाईट म्हणतात. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर काही नाही. ताप आला तरी माणूस उभा राहायचा तो अभिनिवेशापायी कमी आणि या हिशेबापायी जास्त. विदर्भाचा दौरा लांबचा आणि दमवणारा. चोपन्न-पंचावन्नच्या वयात, तब्येत ढासळलेली असताना घाणेकर असा दौरा करत होते आणि त्यातच त्यांचं हृदय बंद पडलं. ठाण्यात आज त्यांच्या नावाचं मोठं नाट्यगृह आहे. पण त्यांचं शेवटचं मुक्कामाचं गाव वऱ्हाडातलं आहे, ही गोष्ट आपण जपायला हवी.

घाणेकरांच्या पत्नी कांचन घाणेकर यांनी ‘नाथ हा माझा’ हे पुस्तक लिहिलं. प्रेम, संताप, दारू, यश, अपमान, सगळं त्यात आहे. नवऱ्याच्या आठवणी लिहिताना त्याचे दोष झाकायची आपल्याकडे पद्धत आहे. या बाईंनी ती पाळली नाही, आणि म्हणूनच घाणेकर आज आपल्याला माणूस म्हणून कळतात. मृत कलावंताबद्दल वाईट बोलू नये, असं म्हणतात. मला वाटतं, खोटं बोलू नये. तेवढं पथ्य पुरे आहे.

पण एक अडचण कांचनताईंनाही सोडवता आली नाही, ती कुणालाच सुटण्यासारखी नाही. १९६२ चा तो संभाजी आता बघता येत नाही. नाटक पडदा पडला की संपतं. बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत, ‘धर्मात्मा’ या चित्रपटात त्यांचा चेहरा आहे. पण स्त्रीवेशातले बालगंधर्व ज्यांनी रंगमंचावर पाहिले त्यांच्याबरोबर ते गेले. ज्याने विसाव्या वर्षी घाणेकरांचा संभाजी पाहिला तो प्रेक्षक आज ऐंशी ओलांडून गेला आहे. असा कुणी तुमच्या घरात, शेजारी, गल्लीत असेल, तर तो संभाजी फक्त त्याच्यापाशी आहे.

चित्रपटाचं तरी कुठे टिकलं? मूकपटांच्या काळात आपल्या देशात हजारावर चित्रपट झाले, त्यातले मोजकेच उरले. रिळं सडली, जळली, आणि त्यातली चांदी काढून घेण्यासाठी विकलीसुद्धा गेली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर नावाच्या माणसाने आयुष्यभर डबे गोळा केले. केरळातून आलेला हा माणूस फाळक्यांची रिळं शोधत फिरला. ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झालेली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आज हसताना, उड्या मारताना दिसते ती अशा माणसांमुळे. नायर २०१६ च्या मार्चमध्ये गेले. त्यांच्याबद्दल मला नटांइतकाच आदर आहे, आणि तो मी मुद्दाम इथे नोंदवतो.

वास्तू जपल्या म्हणजे स्मरण झालं, असंही नाही. संगीतसूर्य केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ ला गेले, तेव्हा वय अवघं एकतीस. कोल्हापूरचं शाहू महाराजांनी बांधलेलं नाट्यगृह पुढे त्यांच्या नावाने ओळखलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. वास्तू पुन्हा बांधता येते आणि बांधलीच पाहिजे. पण आग लागण्यापूर्वी त्या रंगमंचावर कोण कोण उभं राहिलं याची यादी कुणाकडे असेल, तर तिची किंमत त्या लाकडी रंगमंचापेक्षा मी कमी धरणार नाही.

आता तमाशाकडे येतो, कारण नाटकापेक्षा तो आपल्या जत्रांच्या जास्त जवळचा. आपल्या तालुक्यात लोणीला सखाराम महाराजांची यात्रा, मालेगाव तालुक्यात डव्ह्याला नाथनंगे महाराजांची, मानोऱ्याकडे पोहरादेवी. जिथे देव तिथे यात्रा, आणि यात्रा म्हटली की पाळणे, तंबूतला सिनेमा आणि कनातीतला खेळ. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तिथे जाऊन सुपारी ठरवतात, आणि फडमालक कलावंतांना हंगामाआधी उचल देऊन बांधून घेतो. त्या उचलीत पुष्कळ कलावंतांचं आयुष्य अडकलेलं असतं.

नारायणगाव म्हटलं की विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जन्म १९३५, पंढरपूरचा. नऊ महिने भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि तशाच पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, कारण प्रेक्षकांनी पैसे मोजले होते. ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकली आहे. ती ऐकून आपण टाळ्या वाजवतो, याचं मला नेहमी दुःख होतं. नऊ महिन्यांच्या बाईला नाचायला का लागत होतं? त्या रात्रीचा खेळ बंद ठेवला असता तर कुणाचं काय बुडणार होतं? तिच्या शौर्याचं कौतुक करताना आपल्याला आपल्या निर्दयपणाची लाज वाटली पाहिजे. राष्ट्रपतींच्या हातून दोन वेळा सन्मान मिळालेली ही बाई म्हातारपणी औषधपाण्यासाठी लोकांच्या मदतीवर होती. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. भगवानदादा त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत. सरकारने पुढे विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो दरवर्षी एका ज्येष्ठ तमाशा कलावंताला मिळतो. चांगलं केलं. उशिरा केलं.

तमाशातला कलावंत मेल्यावर लवकर विसरला जातो, याचं कारण जात आहे. हे स्पष्ट बोललं पाहिजे. फडावरची बहुतेक माणसं महार, मांग, कोल्हाटी समाजातली. रात्री त्यांच्यावर पैसे उधळणारा गाव सकाळी त्यांना ओसरीवर बसवत नव्हता. शाहीर पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी. ब्राह्मण असून तमाशात गेले म्हणून त्यांची कथा सगळ्यांनी लिहिली. त्यांच्यासोबत नाचणारी, त्यांची रचना लोकांच्या काळजापर्यंत नेणारी पवळा हिवरगावकर त्या कथेत बापूरावांच्या मागून येते. लावणी रचणाऱ्याने शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव ओवून ठेवलं. नाचणारीचं, ढोलकीवाल्याचं, सुरत्याचं नाव ओवायला कडवंच नव्हतं. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिलं तेव्हा नाचणाऱ्या आईच्या मुलाची बाजू पहिल्यांदा घराघरांत वाचली गेली. ते स्वतः २००७ मध्ये अपघातात गेले. पुस्तक उरलं.

याच्या उलट, स्मरण कसं करावं याचा धडा मला आंबेडकरी चळवळीत दिसतो. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२, मृत्यू १५ मे २००४. बाबासाहेबांचं नाव गावोगाव पोचवायला या माणसाने आयुष्य घातलं. आज १४ एप्रिलच्या रात्री आपल्या जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये जाऊन ऐका. दहावी शिकलेलं पोरगं वामनदादांचं गाणं पाठ म्हणतं, गाण्याच्या शेवटी वामन हे नाव येतं, आणि ते नाव घेताना त्या पोराचा आवाज उंचावतो. तिथे वामनदादांच्या फोटोची वाट पाहत कुणी बसत नाही. पोरं गाणं शिकतात. माझ्या मते महाराष्ट्रात कलावंताचं इतकं जिवंत स्मरण दुसरीकडे क्वचितच होतं.

आता मी ज्या गोष्टीसाठी इथे आलो ती सांगतो. हंसा वाडकर या नटीचं नाव जुन्या लोकांना आठवेल. १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला, त्यात तिने काम केलं होतं. चित्रपटातलं तिचं वैभव लोकांनी पाहिलं, आयुष्यातला छळ कुणाला माहीत नव्हता. एका तरुण पत्रकाराने तिच्याजवळ बसून तिची कहाणी ऐकली आणि शब्दांत उतरवली. ती ‘माणूस’ साप्ताहिकात आली, मग पुस्तक झालं, ‘सांगत्ये ऐका’ याच नावाचं. १९७१ साली हंसाबाई गेल्या. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्या पुस्तकाच्या आधारे ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटील यांनी हंसाबाईंचं आयुष्य पडद्यावर जगून दाखवलं. १९८६ च्या १३ डिसेंबरला स्मिता गेल्या, एकतिसाव्या वर्षी. एका मृत नटीचं स्मरण दुसऱ्या नटीने केलं, आणि आज आपण दोघींना एकत्र आठवतो. ही सगळी साखळी ज्याच्या लेखणीने सुरू झाली तो पत्रकार म्हणजे अरुण साधू, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यात १९४१ साली जन्मलेले. ‘सिंहासन’ लिहिणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या कादंबऱ्यांवरून निघालेल्या त्याच नावाच्या चित्रपटात निळूभाऊ फुल्यांनी पत्रकार दिगू टिपणीस केला, ज्या निळूभाऊंना खलनायक समजून बायाबापड्या प्रत्यक्षातही घाबरायच्या. मला मात्र साधूंचं ते ऐकून घेणं त्यांच्या कादंबऱ्यांइतकंच मोठं वाटतं. एक बाई बोलत होती आणि कुणीतरी लिहून घेत होतं. ते झालं नसतं तर हंसाबाईंचं आपल्याकडे काय उरलं असतं? काही चित्रपट आणि पुष्कळ कुजबुज.

तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठी माणसं. रिसोडचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या जिल्ह्याचं वाशीम म्हणजे वाकाटक राजांचं वत्सगुल्म. राजशेखर या संस्कृत पंडिताने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच वत्सगुल्मात लावलं आहे. इथल्या वाकाटक शाखेचा पहिला राजा सर्वसेन. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य रचलं. ते काव्य आज नाही. राजाचं काव्य असूनही हरवलं. ते होतं हे आपल्याला कळतं, कारण पुढच्या काळातल्या साहित्यशास्त्रकारांनी आपल्या ग्रंथांत त्यातल्या गाथा उद्धृत केल्या. राजाची ही गत, मग गणेशोत्सवात तीस वर्षं नाटकं बसवणाऱ्या मास्तरांचं काय होणार?

कारण प्रत्येक गावात असे मास्तर होऊन गेले आहेत. शेतातून येऊन रात्री भजनात पखवाज धरणारे. लुगडं नेसून राधा होणारे. बहुरूप्याचं सोंग घेऊन पोलीस पाटलालाही फसवणारे. लग्नात क्लॅरिनेट वाजवणारे बँडवाले. गोंधळी, वासुदेव. बंजारा तांड्यावर रात्रभर गाणाऱ्या बाया. पिंगळाक्षी देवीच्या नवरात्रात गाणारी मंडळी. यांच्यातले बरेच गेले. त्यांच्या घरच्यांना विचारा, कोणतं नाटक, कोणतं साल, कुणाकडे शिकले? आमच्या वडिलांना फार नाद होता, एवढंच उत्तर मिळतं. पुष्कळ घरांत फोटो असतात, पण मागे नाव नसतं. काही घरांत तर ते मुद्दाम दडवलेले असतात, कारण आजोबा बाईचं सोंग घ्यायचे किंवा आत्या फडावर होती हे सांगायची लाज वाटते. ती लाज आपण सोडली पाहिजे.

याचा उपयोग जिवंत माणसांनाही आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे, महिना ५,००० रुपये. त्यासाठी वयाची आणि कामाच्या वर्षांची अट आहे, आणि काम केल्याचा पुरावा लागतो. जन्मभर भजन-भारूड केलेल्या माणसाकडे कुठला पुरावा असणार? निमंत्रणपत्रिका रद्दीत गेल्या, हँडबिलं पुड्या बांधायला गेली. गावाने नोंद ठेवली असती तर त्या म्हाताऱ्याला सरकारी कचेरीच्या पायऱ्या इतक्या वेळा चढाव्या लागल्या नसत्या. गेलेल्यांची नोंद ठेवायची सवय लागली की असलेल्यांचीही राहते.

काम अवघड नाही. एक जाड वही. प्रत्येक कलावंताला एक पान. नाव, टोपणनाव, गाव. १ जुलै १९९८ पूर्वीचं असेल तर जिल्हा अकोला, नाहीतर पुढे शोधणारा गोंधळेल. जन्म आणि मृत्यू, निदान साल. काय करायचे, कुणाकडे शिकले, कोणत्या भूमिका, कोणतं वाद्य, ते वाद्य आता कुणाकडे आहे. पोटापाण्याला काय होतं. कोणत्या जत्रेत, कोणत्या मंडळात. त्यांचं काम ज्यांनी पाहिलं त्यांच्यापैकी कोण हयात आहे. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहावीत, शाई पुढे उमटते. मोबाइलवर म्हाताऱ्या माणसाचा आवाज घेताना सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव बोलून घ्यावं, आणि तो वऱ्हाडीत बोलला तर त्याला शुद्ध मराठीत बोलायला सांगू नये. शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना निबंधाऐवजी असं एक पान लिहून आणायला सांगा. वाचनालयाने ती वही सांभाळावी आणि दरवर्षी या व्याख्यानमालेत तिच्यातली पाच पानं मोठ्याने वाचावीत. पाहुणा वक्ता नाही मिळाला तरी चालेल.

जात, धर्म, धंदा पाहून पान गाळू नका. नाचणारीचं पान लिहा. बँडवाल्याचं लिहा. पेट्रोमॅक्स पेटवून रात्रभर पंप मारत बसणाऱ्याचंही लिहा, कारण तो नसता तर राजाही दिसला नसता आणि राधाही.

आज या सभागृहात साठीच्या पुढची बरीच मंडळी आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी गावातलं नाटक, दंडार, भजन, तमाशा किंवा कुठला बँड पाहिला-ऐकला असेल, त्यांनी जाण्याआधी एक तरी नाव सांगून जा. वही मी आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या टेबलाशी मी बसतो. आधी ज्येष्ठ महिलांनी यावं.